पुरणाचा वास

विद्युल्लताबाईंच्या पुरणाची देवासच्या मराठी घरांत ख्याती होती, आणि ते पुरण रांधताना त्यांनी कधी जिभेवर ठेवलं नव्हतं. देवीला दाखवल्याखेरीज नैवेद्य चाखायचा नाही, ही घरची रीत. मग डाळ कच्चट राहिली का, गूळ मुरला का, सगळी भिस्त नाकावर. शाळेत भूगोल शिकवून बाई निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही, भावाच्या संसारात राहिल्या. त्या घरात हक्काची म्हणावी अशी त्यांची जागा एकच, सणावारी स्वयंपाकघर.

गेल्या उन्हाळ्यात ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. तो काही परतला नाही. बाईंनी ब्र काढला नाही. रंग बघून, फोडणीचा आवाज ऐकून त्या वेळ मारून नेत होत्या.

अशात भावाच्या मुलीला, मधुवंतीला, कॉलेजात प्रोजेक्ट मिळालं. एखादा धंदा कागदावर मांडायचा. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, ऋतिकानं, नैवेद्याच्या ताटाचा धंदा मांडला. ज्या घरी महालक्ष्म्या बसतात, पण सोवळ्यातला स्वयंपाक करायला कोणी उरलेलं नाही, तिथे ताट पोचवायचं. सर म्हणाले, कागद पुरे, आता करून दाखवा. पाच घरं लगेच तयार झाली. रांधणार अर्थात आत्या. बाई मनातून फुलून गेल्या.

पण त्याच रात्री जेवताना मधू म्हणाली, "सर बोलले, एका माणसाच्या भरोशावर धंदा नाही चालत. आत्याची तब्येत वगैरे बिघडली तर दुसरी बाई तैयार पाहिजे."

पोरगी सहज बोलली. पण आपलं नाक गेलंय हे कळलं, तर ती दुसरी बाई उद्याच दारात उभी राहील, एवढंच बाईंना त्यातून ऐकू आलं.

महालक्ष्म्यांच्या पूजेच्या दिवशी बाई पहाटे सोवळं नेसून आत गेल्या. मधू आणि ऋतिका बाहेरच्या खोलीत डबे पुसत होत्या. आत शेगडीवर पुरण आटत होतं. बाईंनी पाठ वळवून कटाच्या आमटीचा मसाला वाटायला घेतला. काम मनासारखं चाललं होतं, म्हणून त्या गुणगुणत होत्या.

"आत्या," उंबऱ्याबाहेरून मधूची हाक आली. "पुरण लागलं ना? बाहेरपर्यंत जलने की बास येतेय."

बाईंनी झटकन पातेलं उतरवलं, डाव फिरवला. तळ काळा झाला होता.

"वरचं चांगलं आहे गं," त्या म्हणाल्या. "वरचं काढून घेते."

मधूनं हातातला डबा खाली ठेवला. घरभर करपट वास भरला होता, ऋतिकानं नाकाला ओढणी लावली होती, आणि आत्या पातेल्यावर वाकून शांतपणे विचारत होती, चालेल ना?

"आत्या, तुला वास येत नाही?"

बाईंनी डाव खाली ठेवला. "उन्हाळ्यापासून नाही," त्या म्हणाल्या. "तू दुसरी बाई बघ. तुझ्या सरांचं खरं आहे."

त्यांना वाटलं, पोरगी चिडेल. पाच घरांचा नैवेद्य, पहिलंच काम, आणि मुसळ केरात. पण मधू उठून न्हाणीघरात गेली. आली ती ओल्या केसांनी, आत्याचंच जुनं रेशमी लुगडं कसंबसं गुंडाळून, खांद्यावर सेफ्टी पिना टोचून. आजवर सोवळ्याचं नाव काढलं की हीच नाक मुरडायची.

"मिळाली दुसरी बाई," ती म्हणाली. "मला रांधता येत नाही. हात तुझा, नाक माझं."

बाईंना रडू फुटलं. पदरानं डोळे टिपून त्यांनी नवी डाळ कुकरला लावली. बाहेर ऋतिका एकेका घरी फोन करून, ताट जरा उशिरा येईल, आरती थांबवा, म्हणून विनवत होती.

गूळ पडला तशी मधू पातेल्यावर वाकली.

"वाकून हुंगू नकोस, देवीचं आहे. आपोआप येईल तेवढाच घे," बाई म्हणाल्या. "कसा येतोय?"

"अच्छा येतोय."

"अच्छा म्हणजे कसा? नीट सांग."

मधूनं डोळे मिटले. मराठी शब्द शोधताना ती नेहमी मिटायची. "म्हणजे, गूळ आता कच्चा नाही. गरम गरम... सिका हुआ... भूक लागेल असा."

"खमंग," बाई म्हणाल्या. "त्याला खमंग म्हणतात."

"खमंग," मधूनं घोकलं. "आता तू जायफळ घातलंस. ते पहले तेज आलं, आता गुळात जाऊन बसलं. वेलची उशिरा आली. आणि मागून डाळीचा येतोय, खमंग."

"आणखी सांग," बाई म्हणाल्या.

मधू सांगत राहिली. बाई डाव फिरवत ऐकत होत्या, आणि इतक्या महिन्यांनी त्यांना पुरणाचा वास आला.