पुलाला जुळा झाला तेव्हा

शिवलिंगप्पाने महेश्वरीला पहिल्यांदा पाहिलं ते तळपायांकडून. वळसंगजवळच्या ओढ्यावरच्या जुन्या पुलाखाली कुणीतरी दोराला लोंबकळतंय, हे दिसताच त्याने हातातली किटली सोडली आणि अशी आरोळी ठोकली, की तिकडे सोलापुरात सिद्धेश्वर तळ्यावरचे बगळे उडाले असतील. अर्धं गाव धावत आलं. उरलेलं अर्धं जेवण उरकून आलं. गुरम्मा म्हातारीने तर दोर वर यायच्या आतच गळा काढला.

वर ओढून काढलेल्या पोरीने डोक्यावरचं हेल्मेट सरळ केलं. "काका, मी इंजिनियर आहे. पुलाला सेन्सर लावतेय. मला परत खाली सोडा."

"जीव द्यायला?"

"नोकरी करायला."

सोडण्याआधी त्याने तिला चहा पाजला. पुलाच्या टोकाला त्याचं हॉटेल होतं, म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक शेगडी. एसटी आणि उसाचे ट्रॅक्टर तिथे थांबत, म्हणून ती शेगडी पेटत असे. पूल चालू तर शिवलिंगप्पा चालू, असा सरळ हिशेब. लोक ज्या सुरात 'आमचा थोरला' म्हणतात, त्या सुरात तो 'आमचा पूल' म्हणायचा. खरा थोरला पुण्याला होता आणि फोन उचलत नव्हता, त्यामुळे पुलाचा भाव जरा वाढलेलाच होता.

पुढच्या खेपेला महेश्वरीने त्याला टॅबवर पूल दाखवला. दगड न् दगड हुबेहूब.

"अप्पा, हा आपल्या पुलाचा जुळा. इथे पूल थरथरला, की ऑफिसात हाही थरथरतो. कुठे दुखतंय ते आम्हाला बसल्या जागी कळतं."

शिवलिंगप्पाने बराच वेळ न्याहाळलं. "ह्यात माजं हॉटेल कुटंय?"

"हॉटेल नाही घेतलं."

"मग जुळा कशाचा? नुसता सांगाडा हाय की."

काम संपलं त्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब आले. त्यांनी कठड्यावरच्या सेन्सरच्या पेटीला हार घातला, तिच्याशेजारीच नारळ फोडला, फोटो काढले आणि गेले. इथेच सगळं बिघडलं. साहेबासारखा साहेब ज्या जागी नारळ फोडतो, ती जागा साधी कशी राहील? दर सोमवारी शिवलिंगप्पा पेटीला विभूती लावून नारळ फोडू लागला. उसाचा हंगाम लागला, तसे ट्रॅक्टरवालेही पहिल्या खेपेचा नारळ तिथेच फोडू लागले. कठडा नारळाच्या पाण्याने चिकट झाला.

"त्या पेटीला काय कळतंय? हुच्च माणूस," मल्लव्वा म्हणाली. नवऱ्यासाठी तिने हा कानडी शब्द लग्नापासून राखून ठेवला होता. वेडा म्हटलं तर त्याला राग यायचा.

"कळतंय म्हणूनच लावलीया की ती."

आणि खरोखरच कळत होतं. प्रत्येक नारळाला ऑफिसातला जुळा दचकत होता. त्याचा तेवढा भाग आधी पिवळा झाला, मग लालभडक. नारळ ही चीज त्या संगणकाला कुणी सांगितलेलीच नव्हती. पूल आतून फुटतोय, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलं. एका सकाळी पुलाच्या तोंडाशी दोन पिंपं आणि एक पाटी उभी राहिली. जड वाहनांना बंदी. एसटी दुसऱ्या रस्त्याने वळवली.

महेश्वरी धावत आली. पेटीखालच्या करवंट्या बघून ती कठड्यावर बसलीच.

"अप्पा, हे काय?"

"पूजा."

"रोज?"

"न्हाय. माजी सोमवारची. बाकीच्यांची ज्याच्या त्याच्या सोयीनं."

तिला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. "बंद करायला इशारा पुरतो, अप्पा. उघडायला समितीने येऊन तपासावं लागतं."

"मग सांगा की त्यास्नी, नारळ हुता म्हणून."

"सांगितलं. म्हणाले, लिहून द्या. लिहून दिलं. आता वाट बघायची."

"त्या जुळ्याला तरी सांगा."

"त्याला ऐकू येत नाही."

"ठोकल्यालं तेवडं बरं ऐकू आलं."

त्याने नारळ बंद केले, इतरांना हात जोडून बंद करायला लावले. मग बाकड्यावर बसून धडधाकट पुलाकडे बघत राहिला. सायकलवाले थांबत, पण एका चहात तिघं. उन्हाळ्यात महेश्वरीचा फोन आला.

"अप्पा, जुळा हिरवा झाला."

"मग उघडा."

"हिरवा झाला म्हणून उघडता येत नाही."

"लाल झाला म्हणून बंद केला हुता की."

तिने मल्लव्वाची तब्येत विचारली.

समिती पावसाळा संपल्यावर आली. पूल उत्तम असल्याचा दाखला मिळाला, पिंपं हलवली. एसटीला आणि ट्रॅक्टरांना तोवर दुसरा रस्ता सवयीचा झाला होता. शिवलिंगप्पा आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांच्या घड्या घालतो.