कोरा आकडा

शकूर टेलरचा मले जितका राग आला, तितका जगात कोणाचाच आला नाई. अन् त्याच्या गळ्यात पडून जितका रडलो, तितका माय मेली तेव्हाही रडलो नाई. दोन्ही एकाच दिवशी, पाच मिनिटांच्या फरकानं. ते सांगतोच, पण आधी माणूस समजून घ्या.

जळगाव जामोदच्या बाजारात त्याचं दुकान. एक मशीन, एक बाक, कानावर खडू, गळ्यात टेप. दिवाळीचा पायजमा टाका, ईदीले मिळन. "शकूर, झाला का बे?" म्हटलं की म्हणे, "फक्त काजं बाकी हायेत." आमच्या नारायणराव पोस्टमनचा लग्नाचा कोट त्यानं पोट्टीच्या बारशाले देला. तरी सारं गाव त्याच्याचकडे कपडे टाके, कारण दुसरीकडे इतकं हसाले मिळत नव्हतं.

जवानीत तो दोन वर्षं कामठीले मिलिटरीचे कपडे शिवत होता. तिथून लोकं पैसा आणतात, हा तंबोला घेऊन आला. ओव्हरकोटाच्या मोठ्या बटणांवर त्यानं एक ते नव्वद आकडे लिहिले, तिकिटं पुठ्ठ्याची कापली. थैली हलवायची, बटण काढायचं, ओरडायचं. ज्याच्या तिकिटावर तो आकडा, त्यानं त्यावर चिंचोका ठेवायचा. ओळ भरली की पितळेचा गडवा नाई त परात. गणपतीचे दहा दिवस, दुपारी चारले, मांडवात. एका अंगाले बाया, एका अंगाले माणसं.

पण त्याच्या तोंडून नुसता आकडा निघन त तो शकूर कसला! अकरा निघाले की, "नारायणराव पोस्टमनच्या टांगा!" सत्याहत्तरले, "उकंडरावच्या मिशा!" बारा म्हणजे, "दहाची एसटी!" साठ म्हटलं की, "आपलं राज्य!" अन् सारा मांडव टाळ्या वाजवे. छत्तीस सरवरीबी अन् तिच्या जावेचे, कारण त्या दोघी एका आंगणात राहून एकमेकीकडे पाठ करून बसत. नव्वदले तो ओरडे, "अन्नपूर्णाबाई, दात शाबूत!" अन् म्हातारी बायांतून ओरडे, "ये इकडं, तुलेच चावतो!"

हे जबाब देणं, हीच खरी मजा होती. ज्याचं नाव निघन त्यानं उलटून बोलायचं. गप राह्यला त्याची दिवसभर टर उडे.

एकोणीस आकडा तुळशीराम हलवायाच्या जिलबीचा होता, कारण ती विसाले कधी पोहोचलीच नाई असं शकूरचं म्हणणं. तुळशीराम भलकसाच चिडे. मग एका उन्हाळ्यात तुळशीराम वारला. त्या गणपतीत बटण निघालं, शकूरनं तोंड उघडलं, मिटलं, अन् हळूच म्हटलं, "एकोणीस." बस. तुळशीरामच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, डोळ्याले पदर लावला. कोणी ठरवलं नाई, पण तेव्हापासून रीतच पडली. माणूस गेला की त्याचा आकडा कोरा. जबाब देणारा नाई, त चिडवायचं कोणाले?

आता आमचा आकडा. मी कापसाच्या जिनात मापारी. एक दिवस शकूर जिनात आला, मले धरून कापसाच्या काट्यावर बसवलं, अन् वजन भरलं बरोबर अठ्ठेचाळीस किलो. झालं! त्या वर्षापासून, "अठ्ठेचाळीस, मंजुळाबाईचा नवरा, बारदान्यासकट!" मले जमिनीत गडप व्हावं वाटे. मी आधीच मुका माणूस. जबाब देई आमची मंजुळा. कंबरेवर हात ठेवून उभी राहे, अन् दर वर्षी नवीन काही तरी. "तुह्या बायकोले इचार, तिले हलका नवरा पाहिजे का हलकी जबान!" शकूरची बायको शाहजादीच सगळ्यात मोठ्यानं हसे.

अडुसष्ट साली गणपती बसाच्या आधी मंजुळाच्या पोटात गाठ निघाली. खामगावच्या दवाखान्यात ऑपरेशन. दोन दिवस मी त्या व्हरांड्यात बसून होतो, ना खाणं ना पिणं. बायांच्या वार्डात माणसाले बसू देत नव्हते, तिच्यापाशी तिची बहीण विमल होती. ऑपरेशन झालं, पण ताप चढला. डॉक्टर म्हणे, दोन दिवस पाहू. तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळानं मले बोलावून घेतलं. आवाज पार बसला होता, पण हुकूम तोच. "घरी जा. गाय उपाशी मरन. आंग धुवा, वास मारून राह्यले. अन् चारले मांडवात माझं तिकीट खेळा." मी नाई म्हटलं. ती डोळे मिटून म्हणे, "मग मी तापातच उठून जातो."

गेलो बापा. बसस्टँडवर शकूर भेटला, तो अस्तराचा कपडा आणाले खामगावले चालला होता. मी त्याले म्हटलं, येतानी तिले पाहून ये, अन् आल्याबरोबर मले सांग.

चार वाजले, शकूरचा पत्ता नाई. मी माणसांच्या कडेले तिकीट घेऊन बसलो. साडेचारले तो घाईघाईत आला. लोकं ओरडून राह्यले होते. त्यानं कपड्याचं गाठोडं खाली टाकलं अन् सरळ चौरंगावर चढला. माझ्याकडे पाह्यलंसुद्धा नाई. मग मीच मले समजावलं, इतकी गर्दी हाय, खेळ झाल्यावर सांगन.

उकंडरावच्या मिशा निघाल्या. एसटी निघाली. मग त्यानं थैलीत हात घातला, बटण पाह्यलं, अन् बाजूले ठेवून म्हणे,

"अठ्ठेचाळीस."

पुढं काही नाई. कोरं.

पुष्पाबाईचा हात तोंडावर गेला. अन्नपूर्णाबाईनं "माय वं!" करून गळा काढला. नारायणराव पोस्टमन हळूच उठला अन् त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात पडला अन् मले समजलं, का आपली मंजुळा गेली. अन् आपण इथं चिंचोके घेऊन बसलो.

मग मले कुठून ताकद आली देव जाणे. मी चौरंगावर चढलो, शकूरची गचांडी धरली, बटणं सारी मांडवभर झाली. "हरामखोरा, हे सांगाची पद्धत हाय? आकड्यात सांगतो मले? कवा मेली ते सांग!"

शकूरचा चेहरा चुन्यासारखा झाला. "कोण मेलं?"

"मंजुळा!"

"तौबा तौबा! अबे, ती खाटेवर बसून चहात पाव बुडवून खाऊन राह्यली!"

"मग कोरा काऊन बोलला?"

"तिनंच कसम घातली ना मले!" तो रडवेला होऊन सांगे. "तू निघाला अन् ताप उतरला तिचा. मी सांगतलं, आज तुमचा आकडा निघन. त भडकली. म्हणे, शकूरभाऊ, मी तिथं नाई, आमच्या मुक्याले जबाब देता येत नाई, तुम्ही सारे मिळून त्याले खाऊन टाकसान. मी येईपर्यंत त्याचं नाव घेतलं त टाक्यांसकट उठून येईन. म्हणून नाई घेतलं बे! तुले खेळ झाल्यावर सांगणारच होतो. मले काय माहीत…" अन् मग त्याले माहीत झालं. आपण काय करून बसलो ते त्याच्या डोक्यात शिरलं, अन् तो मटकन खाली बसला. "या अल्ला, रंगराव, मार मले. जोड्यानं मार."

मारलं नाई. त्याच्या गळ्यात पडलो अन् पोट्ट्यासारखा रडलो, साऱ्या गावासमोर. तोही रडला. अन्नपूर्णाबाईनं रडता रडता आम्हा दोघांले शिव्या देल्या, अन् सारा मांडव खाली वाकून बटणं शोधाले लागला. सव्वीसचं काही सापडलं नाई.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं खामगाव गाठलं. मंजुळा खरंच बसली होती, केस विंचरून. मी तिले सारं सांगतलं. वाटलं, पोट धरून हसन.

ती हसली नाई. "साऱ्यासमोर रडले तुम्ही?"

"हाव."

"शकूरभाऊची गचांडी धरली? तुम्ही?"

"हाव."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मले वाटलं, गावात लाज घालवली म्हणून रागावली. तिकडंच पाहून म्हणे, "बावीस वर्षं झाली लग्नाले. तुम्ही कधी बोललेच नाई. मले वाटे, मी असली काय अन् नसली काय, तुम्हाले सारखंच."

मी तिचा हात धरला. वार्डातल्या साऱ्या बाया पाहून राह्यल्या होत्या. घंटा वाजली, नर्स बाहेर व्हा म्हणे, पण मी काही हात सोडला नाई.