ताका उतरू दे

आमचे वकीलसाहेब कुणाला वाक्य पुरं करू देत नसत. समोरच्याने तोंड उघडलं की शेवट हेच सांगून मोकळे. आणि हाच माणूस उभ्या भिवंडीला धीर धरायला शिकवायचा.

"ताका उतरू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वडिलांचे लूम होते, त्यामुळे कोर्टातही त्यांच्या तोंडी कापडच. विणून झालेला अख्खा ताका लूमवरून उतरला की मगच तो पसरून तपासायचा. पुण्याच्या माझ्या मेहुण्याने हे ऐकून, "वकील ताकही विकतात का?" असं विचारलं. साहेबांना ते इतकं आवडलं की तो आला की त्याला चहाऐवजी ताकच मिळे.

शेलार गावात आमची लूमची छोटी शेड. जागा आपली म्हणून शेजाऱ्याने दावा लावला होता. जागेच्या मोजणीचा आमचा अर्ज कोर्टाने फेटाळला, त्या दिवशी दादा भडकला. "वकीलसाहेब, आजच वरच्या कोर्टात..."

"नाही जायचं. काही हुकमांवर लगेच अपील होतं, हा त्यातला नाही. हा नुसता हुकूम आहे, निकाल नाही."

"शेड गेली मंग आमी काय करायचं? दुसरं हाय काय आमच्याकडं?"

"सुन भाई. कापडातल्या दर खोटीला लूम बंद केला तर ताका उतरणार कधी? निकाल उलटा लागू दे, सगळ्या खोटी एकदम वर दाखवू. ही पण. आणि तुम्हीच जिंकलात तर?"

आम्हीच जिंकलो. आनंदातसुद्धा दादा कोर्टाच्या पायरीवर म्हणाला, "पन त्या मोजणीच्या अर्जाचं..."

"आता त्याला कुठे घेऊन जातोस? घरी जा, लूम चालू कर."

गेल्या वर्षी ते आजारी पडले. मी भेटायला गेलो. आवाज पार खाली गेला होता. त्यांचा हात हातात घेऊन मी म्हणालो, "साहेब, तुम्ही नसता तर आम्ही..."

"चहा घे. गार होतोय."

तीच शेवटची भेट. आता त्यांचा ताका उतरला. त्यांच्याच नियमाने पसरून बघतो, तर खोट एकच सापडते. माझं ते वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. ते अजून माझ्याकडेच आहे.