खंडेनवमीच्या ताटातला टायमिंग बेल्ट

गाडीचं इंजिन समोरनं उघडून पडलेलं, जुना टायमिंग बेल्ट काढून बाजूला टाकलेला, आणि चौगुले अण्णांनी पिशवीतनं नवा बेल्ट काढला. त्याला हळदकुंकू लागलं होतं. ते पुसता येतं. पण बेल्टची चार पदरी घडी घालून वर दोरा आवळला होता. ती घडी बघून माझं डोकं फिरलं.

अण्णा पेठ वडगावचे. तिथं त्यांचं हार्डवेअरचं दुकान. शिवाजी पेठेतल्या माझ्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. माणूस चांगला, पण पार्ट माझ्याकडनं घेतील तर शपथ. "मी बी दुकानदार हाय, मार्जिन कुठं असतंय मला शिकवू नगंस," हे ठरलेलं. पार्टचं किट मोबाईलवरनं ते मागवणार, मी नुसतं बसवायचं. आणि उद्या काही झालं की मिस्त्री वाईट. खानावळीत पीठ घरनं नेऊन "भाकरी तेवढी थापा" म्हणतं का कोण? गॅरेजात रोज म्हणतात.

टायमिंग बेल्ट म्हणजे दात असलेला रबरी पट्टा. पिस्टन वरखाली करतात, व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांचा ताल हा पट्टा सांभाळतो. चालू गाडीत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बहुतेक इंजिनांचा तिथंच निकाल लागतो. पट्ट्याच्या पोटात बारीक दोरे असतात, खरी ताकद त्यांची. घडी घातली की ते दोरे मोडतात. वरनं काहीच दिसत नाही, हीच तर पंचाईत.

"अण्णा, ही घडी कुणी घातली?"

"खंडेनवमीला किट आलं. म्हटलं, नवी वस्तू हाय, दुकानातल्या वजनकाट्याबरोबर पूजेला मांडू. ताटात मावंना, म्हणून मंडळींनी घडी घातली. तवापासनं देवघरातच हाय."

"हा बेल्ट मी बसवणार न्हाय."

"का? पूजेचं वावडं हाय व्हय तुला?"

"माझ्या पान्यांची पूजा मी बी करतोय की. म्हणून पाने वाकवून ठेवत न्हाय."

अण्णा तापले. "कडबाकुट्टीचं पट्टं मी घडी घालून खिळ्याला टांगतोय. आजवर एक तक्रार न्हाय."

आता काय बोलायचं? कडबाकुट्टीचा पट्टा तुटला तर चाऱ्यासाठी म्हैस थोडा वेळ हंबरते. इथं गाडी हायवेवर मरते. हे मी सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं. शेजारचा टायरवाला येऊन ऐकत उभा राहिला. अण्णांचं एकच, "तू बसव, जबाबदारी माझी."

"जबाबदारी तुमची, पण गाडीत बसणार कोण?"

"उद्या बेळगावला जायाचंय. धाकटीला बाळंतपणाला आणायचीय."

मी कपाळाला हात लावला. आठवा महिना भरलेली पोरगी, वाटेत तवंदी घाट, आणि इंजिनात घडी पडलेला पट्टा. मी म्हटलं, "मग तर मुळीच न्हाय. पायजे तर गाडी ढकलत न्या."

"अरे, घरात काय सांगू?" अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "पूजेतली वस्तू टाकून दिली म्हणू? तेबी पोरगी दारात यायच्या तोंडावर? हिच्या मनाला लागंल रं. आधीच पोरीच्या काळजीनं झोप न्हाय तिला."

म्हणजे दुपारभर मार्जिन, कडबाकुट्टी, सगळं उगाच. खरं दुखणं हे होतं. आधी बोलले असते तर माझा घसा तरी वाचला असता. मी म्हटलं, "काकूंना फोन लावा." लावेनात. शेवटी त्यांच्याच मोबाईलवरनं मी लावला, स्पीकर चालू केला आणि एका दमात सांगितलं, "काकू, घडी घातल्यानं बेल्ट आतनं मोडलाय. वाटेत तुटला तर गाडी जागेवर बंद पडंल. अण्णा म्हणत्यात, पूजेचा हाय, हाच घाला."

काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "ताटात बसंना म्हणून घडी घातलीती. मला काय ठावं? दुसरा घाला की. आणि त्यास्नी इचारा, पोरीपरास पट्टा मोठा हाय व्हय?"

अण्णांनी मान खाली घातली. टायरवाला हसत निघून गेला. मी ओळखीच्या दुकानातनं नवा बेल्ट मागवला. किटमधला टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली, आणि बेअरिंग चांगलं होतं, ते अण्णांचंच बसवलं. संध्याकाळी गाडी दिली. दुसऱ्या दिवशी पोरगी सुखरूप माहेरी आली, पंधरवड्यानं बाळंत झाली. पेढे घेऊन काकू स्वतः गॅरेजात आल्या. अण्णा गाडीतच बसून राहिले.

आता कुणी स्वतःचा पार्ट घेऊन आलं की मी वाद घालत नाही. पार्ट बघायच्या आधी घरचा फोन नंबर घेतो.