सुगराचा शेवटचा काप

मीरासाब रंगरेज कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये काचपट्ट्या रंगवतो. आजा फेटे रंगवायचा, बाप साड्या रंगवायचा आणि हा माणसांच्या गाठींचे काप रंगवतो. घराण्याचा धंदा काही सुटला नाही, असं त्याची बायको सुगरा आल्यागेल्याला हसत सांगायची. सुगरा जोतिबाच्या डोंगरावरच्या बांगडीवाल्याची लेक. कुठल्याही बाईचा हात नुसता दाबून ती बांगडीचं माप सांगायची. लग्नानंतर नवऱ्याची तपकिरी बोटं बघून तिनं आधी त्याला नीट हात धुऊन यायला सांगितलं होतं. हे आठवलं की मीरासाबला अजून हसू येतं, आणि मग बराच वेळ कामात लक्ष लागत नाही.

तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मोठ्या आतड्याची गाठ होती. काढलेली गाठ याच लॅबमध्ये तपासायला आली, तेव्हा मीरासाबनं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. मेणात बसवून तिचे पातळ काप त्यानंच काढले, रक्तवाहिन्या तपकिरी दिसाव्यात म्हणून लागणारा खास रंगही त्यानंच चढवला. धडधाकट आतड्यात शिरा शिस्तीत फांद्या फोडत बारीक होत जातात. सुगराच्या गाठीत नुसता गुंता: काही वेड्यावाकड्या, काही फुगलेल्या, काही मध्येच बंद पडलेल्या. पण रंग असा उठला होता की शीर न् शीर वेगळी दिसावी.

अशा रंगकामात पेशंटच्या कापाशेजारी, त्याच काचेवर, एक ओळखीचा काप लावतात, ज्यावर रंग कसा उठतो हे आधीच माहीत असतं. तो नीट रंगला तरच शेजारच्यावर विश्वास ठेवायचा. बापही नवा रंग कालवला की पूर्वीची रंगलेली चिंधी हंड्याशेजारी टांगून ठेवायचा. सुगरा होती तेव्हाच तिच्या गाठीचा एक जादा तुकडा या कामाला घेऊ का, असं मीरासाबनं तिला विचारलं होतं.

"घ्या की," ती म्हणाली, "घरात तर सारखं कामाला जुंपताच."

तेव्हापासून सुगरा लॅबला यायला लागली, असंच तो धरून चालला. काप निघत गेले, मेणाचा ठोकळा झिजत गेला. आता जेमतेम एक काप निघेल एवढाच उरला, तेव्हा लेक इरमनं त्याला बजावलं, की अम्मीचं तेवढं तरी कब्रस्तानात तिच्याशेजारी पुरायचं. अंगाचा भाग मातीला द्यायची आपली रीत. मीरासाबला पटलं. ठोकळा त्यानं रुमालात बांधून ठेवला.

आणि नेमकी मुरगूडच्या अनुजाची गाठ आली. तरणी बाई. गाठ रक्तवाहिनीत शिरली आहे का, हे लॅबच्या डॉक्टर प्रियदर्शनींना बघायचं होतं. शिरली असेल तर केमो, नसेल तर बहुतेक सुटका. सुगराच्या जागी आणलेल्या नव्या ओळखीच्या कापावर रंग अजून मनासारखा बसत नव्हता. थांबू या काही दिवस, असं डॉक्टर म्हणाल्या. बाहेर बाकावर अनुजाचा नवरा सम्राट हातातला वडापाव न खाता बसला होता. मीरासाबला सुगराच्या रिपोर्टाआधीचे दिवस आठवले. तेव्हा त्याच्याही घशाखाली घास उतरला नव्हता.

त्यानं इरमला फोन लावला आणि शेवटचा काप वापरू का, असं विचारलं. ती आधी चिडली.

"अम्मी असती तर तुमच्या आधी हो म्हटली असती," शेवटी ती म्हणाली.

मीरासाबनं रुमाल सोडला. शेवटचा काप अनुजाच्या कापाशेजारी चढवला. सुगराच्या शिरा पहिल्यासारख्याच उठल्या, तोच गुंता, तोच तपकिरी. त्यानं मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही, डॉक्टरांनी खांद्याला हात लावेपर्यंत. अनुजाच्या शिरा स्वच्छ होत्या. गाठ त्यांच्यात शिरली नव्हती.

मेण गेलं तरी निदान काच कपाटात राहील, एवढा त्याला दिलासा होता. पण सम्राटला पुण्याच्या डॉक्टरलाही दाखवायचं होतं, आणि मागितली की काच पेशंटला द्यावीच लागते. सम्राटनं ती उजेडात धरली.

"ह्यात दोन ठिपकं हायत की. आमचं कुठलं?"

"डावीकडलं."

"आनि हे?"

मीरासाबनं काच परत घेतली, पुसली, कागदात गुंडाळून डबीत घातली.

"ते आमच्या घरातलं हाय. तुमच्या सोबतीला दिलंय. जपून न्या, पावणं."

सम्राटनं डबी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.