रिकाम्या जागेतला ठोका

प्रूफ समोर ठेवून शांतवनकाकांनी चष्मा सारखा केला, डावा तळहात टेबलावर टेकवला आणि गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत अडकले. पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथेच अडकले. तिसऱ्यांदा त्यांना खोकला आला.

"यात श्वास कुठे घ्यायचा गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

रूथताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे.

मी चिंचवडला एका छापखान्यात डीटीपी करते. म्हणजे लोकांनी हाताने लिहिलेलं कॉम्प्युटरवर टाइप करून पानं लावते. सकाळी कॉलेज, दुपारी हे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. प्रूफ म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाइकाने तपासायची प्रत. सगळे ती डोळ्यांनी वाचतात. गाऊन तपासणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

काकांनी नोकरीभर एका फोर्जिंग शॉपमध्ये हॅमर चालवला. लाल तापलेलं लोखंड मोठ्या हातोड्याखाली ठोकून आकार देण्याचं ते काम. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. पण तिथेच त्यांना प्रभूची गीतं सुचली, शब्द आणि चाली दोन्ही. कान पुरते गेल्यावरही ते रचत राहिले. त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी तीच गीतं गातात. ती सगळी एका वहीत होती, आणि येत्या रविवारी चर्चच्या वर्धापनदिनाला तिचं पुस्तक व्हायचं होतं. काका प्रूफ तपासायला आले तो दिवस बुधवारचा होता.

वहीतलं अक्षर चांगलं होतं, पण ओळी तुटक. दोन शब्द, मग मोकळी जागा. तीन शब्द, मग आणखी मोठी जागा. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हात थांबत असेल. या वहीचं टायपिंग आमच्याकडच्या दुसऱ्या मुलीने केलं होतं आणि सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. मी 'फाइंड-रिप्लेस' उघडलं. एक गोष्ट शोधून तिच्या जागी दुसरी टाकणारी ती सोय असते. सगळ्या मोकळ्या जागा शोधून एकेका स्पेसवर आणल्या आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. पानं सुबक दिसायला लागली. कमीही झाली. मालक निकम सर म्हणाले, "आता कसं पुस्तक वाटतंय!" शाळेपासून मला शाबासकी मिळाली ती नीटनेटकेपणाचीच. मी खूश होते.

"काका, ती जागा मी काढली," मी म्हणाले. ते ओठ वाचतात, म्हणून सावकाश म्हणाले. "मला वाटलं, चुकून राहिलीये."

काका रागावले नाहीत. ते मला जास्त लागलं. त्यांनी वही उघडली आणि माझ्या हातात टेबलावरचा पेपरवेट दिला.

"जागा आली की ठोक. लहान जागा, एक ठोका. मोठी असेल तर दोन."

ते गायला लागले.

"तापव मज," ते म्हणाले आणि थांबले. मी घाबरत ठोकलं. "वाकव मज." ठोकलं. "तुझिया हाताजोगे." इथे जागा मोठी होती. दोनदा ठोकलं. "घडव मज."

मला संगीतातलं काही कळत नाही. तरी फरक कळला. मघाशी जो माणूस खोकत होता, त्याचा आवाज प्रत्येक ठोक्यानंतर नवा होऊन येत होता. आपला आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. टेबलावर टेकवलेल्या तळहाताने ते माझा ठोका घेत होते आणि बरोबर त्यावर उठत होते.

"हॅमर चालू असताना गाता येत नाही," काका म्हणाले. "ठोका पडतो तेव्हा गप्प बसायचं. दोन ठोक्यांमध्ये जेवढं मावेल तेवढंच देवाशी बोलायचं. आमच्या मंडळीत निम्मे माझ्यासारखेच, कानाने गेलेले. ते पायाने ठोका धरतात. चुकले तर मी हात वर करून थांबवतो. पण मी नसलो की कोण थांबवणार? पुस्तकानेच थांबवलं पाहिजे."

मी उठले आणि मशीनवर गेले. शब्द रूथताईंनी आधीच तपासले होते, म्हणून पहिला फर्मा सकाळीच मशीनवर चढला होता. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली सोळा पानं.

"सर, मशीन थांबवा."

"का? कुणाचा हात सापडला?"

"माझी चूक झालीये. गीतांमधल्या जागा मी काढून टाकल्या."

"जागाच ना? शब्द आहेत ना सगळे?" सर बाहेर आले आणि काकांच्या कानाशी ओरडले, "काका, जरा भरभर गायचं की!"

"काय म्हणतायत साहेब?"

"भरभर गा म्हणतायत, पप्पा," रूथताई म्हणाल्या.

काका हसले. "हॅमरखाली घाई करणाऱ्यांची बोटं जातात, साहेब." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, पुन्हा ठोक."

मी ठोकलं, काका गायले. सर दाराला टेकून उभे होते. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या चपलेचा आवाज माझ्या ठोक्यात मिसळला. गीत संपल्यावर ते आत गेले आणि मशीन बंद झालं.

"चूक तुझी, कागद माझा," बाहेर येऊन ते म्हणाले. "शनिवारी दुपारपर्यंत बसव सगळं. आणि ते रिप्लेसचं बटण विसर."

फाइंड-रिप्लेसने जागा एका झटक्यात जातात. परत आणायला तसं काही नाही, कारण कुठली लहान आणि कुठली मोठी हे फक्त वहीला माहीत होतं. मी पट्टी घेऊन वहीतली एकेक जागा मोजली. शंका आली की शेजारी येऊन बसलेले काका टेबलावर बोटाने एक किंवा दोन ठोके देत.

घरी वडिलांना सांगितलं. ते लातूरकडचे, चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनवर आहेत. मी समजावत होते, ते जेवत होते.

"त्यात काय समजायचं?" ते म्हणाले. "आमी बी तसंच बोलतूत की. ठोका पडला की गप, मग बोल."

इतकी वर्षं ते घरीही अर्धं वाक्य बोलून थांबतात. मला तो स्वभाव वाटायचा.

रविवारी मी पहिल्यांदाच चर्चमध्ये गेले. मागच्या बाकावर बसले. पुस्तकं वाटली गेली, पेटी सुरू झाली. काका पुढे बसले होते, चपला काढून, तळवे फरशीवर टेकवून. पहिली ओळ झाली आणि जागा आली. सगळ्या चर्चने एकदम पाय आपटला. माझ्या बाकालाही तो हादरा जाणवला. म्हातारे, बायका, शाळेतली पोरं, सगळे पुस्तकात बघून थांबत होते, पुस्तकात बघून उठत होते.

काकांनी संपूर्ण गीतभर एकदाही हात वर केला नाही.

रिप्लेसचं बटण मी विसरलेले नाही. अजून वापरते. फक्त आधी गिऱ्हाइकाला विचारते, "इथे काही नाही, की इथे काही आहे?" निकम सर हसतात. पण आता प्रूफवर सही घेताना तेही तेच विचारतात.