काकांच्या पट्ट्याखालची पाटी

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? समाजातली हिंसा संपवायला निघाले होते हो मी, आणि शेजारच्या वसंतकाकांनाच संपवून आले!

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या ग्रुपचं प्रदर्शन होतं. उघड्यावर, झाडांखाली. विषय, समाजातली हिंसा. चित्रांच्या मध्ये दोरी बांधून घराघरांतली मारायची हत्यारं टांगायची, ही माझी कल्पना. लाटणं, छडी, चप्पल मिळाली. पट्टा मिळेना. थांबायचा धीर मला कुठला? काकांकडेच मागितला.

"अगं ने की! मी आज घरीच आहे," म्हणत त्यांनी कमरेचा काढून दिला. पितळी घोड्याच्या बक्कलचा. काका म्हणजे डासालाही 'जा रे बाबा' म्हणणारा माणूस!

पण नुसता पट्टा बघून लोक पेटून उठतात का? मी खाली पाटी लावली : 'या पट्ट्याने वीस वर्षं एका घराचं तोंड बंद ठेवलं.'

काय जबरदस्त वाक्य! फक्त एवढंच विसरले, की तो घोडा अख्खी कॉलनी ओळखते.

संध्याकाळी काकू फिरायला आल्या. लंगडत! बायकांनी घेरलंच.

"पायाला काय झालं हो?"

"बाथरूममध्ये पडले."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "सगळ्या असंच सांगतात!"

मी धावले. "अहो, काका तसे नाहीत! पाटी मी माझ्या मनाने लिहिलीय!"

"पोरीला दम दिलेला दिसतोय," एक आजी कुजबुजल्या.

तेवढ्यात खुद्द काका आले. एका हाताने पॅन्ट सावरत!

"बघा, पट्टा न्यायला आला! लाज आहे का काही?"

काका गोरेमोरे. शेवटी काकूच कडाडल्या, "अहो, झुरळ दिसलं तर आमचे हे पलंगावर चढून मला हाका मारतात! हे मला कसले मारतायत?"

मग सगळा ट्रॅक खदखदून हसला. काकांची अब्रू वाचली, पण झुरळ सगळ्यांना कळलं.

मी घाईघाईने पट्टा सोडवून दिला. "सॉरी काका. ते जरा प्रतीकात्मक होतं."

काकांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. पट्टा पॅन्टमध्ये ओवता ओवता त्यांचा हात थांबला.

"बाळा," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आयुष्यात कुणावर हात उगारला नाही गं मी. तू आता घरी जा. पळतच जा."